उशाशीं खुनी

निजण्यापूर्वीं गृहस्थानें काय खावें, काय प्यावें, कोणत्या दिशेस डोकें करावें, हें सर्व आमच्या शास्त्रकारांनीं सांगून ठेवलें आहे. पण काय वाचावें याविषयीं त्यांनीं कांहीं लिहिलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. लिहिलें असतें तर खुनाच्या कादंबऱ्या निषिद्ध पदार्थांत खास पडल्या असत्या, आणि चातुर्मासांत कांदा-वांगें सोडणाऱ्या पुष्कळ सज्जनांची मोठी पंचाईत झाली असती. कारण हीं पुस्तकें गुंड वाचीत नाहींत. गुंडांना वाचायला वेळ नसतो. हीं वाचतात ते निवृत्त कारकून, संस्कृतचे शिक्षक, बँकेंतले अधिकारी, दुपारीं स्वयंपाकघर आवरून पाठ टेकणाऱ्या गृहिणी,— मुंगी मारतांना देखील दोनदां विचार करणारीं माणसें. आमच्या घरच्या कपाटांत वरच्या फळीवर ज्ञानेश्वरी आहे, मधल्या फळीवर शब्दकोश आणि दिवाळी अंक आहेत, आणि खालच्या फळीवर, पाहुण्यांची नजर एकदम पडूं नये अशा बेतानें, आठ-दहा इंग्रजी कादंबऱ्या उभ्या आहेत. त्यांतल्या मृतांची मोजदाद केली तर एखाद्या लहानशा चकमकीइतकी बेरीज सहज होईल. सर्वांत अधिक हाताळलेली फळी कोणती हें सांगण्याची गरज नाहीं.

साध्या डिटेक्टिव्ह कथेशीं या पुस्तकांची गल्लत मात्र करूं नये. आमची पिढी बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढली. झुंजार, काळा पहाड, धनंजय ह्या मंडळींच्या जगांतहि खून पडत. पण त्या खुनांना कारण असे. कोणाला वारसा हवा असे, कोणाला हिऱ्यांचा हार, कोणाला जुन्या वैराचा सूड. कारण सांपडलें कीं माणूस सांपडे. 'कां मारलें' आणि 'कोणीं मारलें' हीं दोन्ही कुलुपें एकाच किल्लीनें उघडत. ज्याला आतां सीरियल किलर म्हणतात त्याच्या कादंबरींत ही किल्लीच नसते. मारणाराची आणि मरणाराची ओळख नाहीं, देणें-घेणें नाहीं, भांडण नाहीं. तेव्हां मागें वळून 'कां' असें विचारण्यापेक्षां पुढें पाहून 'आतां कोण' असें विचारणेंच वाचकाच्या नशिबीं येतें. अगाथा ख्रिस्तीबाईंनीं 1936 सालीं 'द ए. बी. सी. मर्डर्स' लिहिली, तींत वर्णमालेच्या क्रमानें माणसें मरतात. नांवहि त्या अक्षराचें आणि गांवहि त्याच अक्षराचें. (ज्यांनीं तें पुस्तक वाचलेलें नाहीं त्यांनीं पुढचें वाक्य सोडून द्यावें.) शेवटीं बाई त्या वेडाच्या मुळाशीं एक शहाणा हिशेब काढून दाखवितात, आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. 1936 सालच्या वाचकाला वेडाचा देखावा चालत होता, खरें वेड मात्र नको होतें. पुढें तेंहि चालूं लागलें.

हा प्रकार अगदींच विलायती आहे असें कोणी म्हणेल तर तें मात्र खरें नव्हे. वाल्या कोळ्याची गोष्ट आम्ही सर्वांनीं आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. एक जीव मारला कीं एक खडा रांजणांत. असे सात रांजण भरलेले. अंगुलिमालाची गोष्टहि तशीच. त्याचा हिशेब बोटांच्या माळेंत, आणि हजार पुरे होण्यास एकच उणें. मोजून मारणारा मनुष्य आमच्या पूर्वजांना चांगला परिचयाचा होता, व त्याची गोष्ट मुलांना सांगण्यास त्यांना संकोच वाटत नसे. पण त्यांचें लक्ष वेगळीकडे होतें. वाल्याच्या गोष्टींत खुनाचें वर्णन नाहींच म्हटलें तरी चालेल. सारी गोष्ट येऊन थांबते ती नारदाच्या एका प्रश्नावर: तूं आणलेलें जे खातात, ते तुझ्या पापाचे वांटेकरी होतील काय? वाल्या घरीं जाऊन विचारतो, आणि बायकामुलें स्पष्ट नाहीं म्हणतात. लहानपणीं आम्हांस त्या बायकामुलांचा फार राग येई. आतां वाटतें, तीं उत्तर देतांना जेवत होतीं कीं काय, हें कोणीं तरी लिहून ठेवावयास हवें होतें.

तें एका इंग्रज बाईनें लिहून ठेवलें आहे, तिकडेच येतों.

1888 सालीं लंडनच्या व्हाइटचॅपेल भागांत आणि त्याच्या आसपास 31 ऑगस्टपासून 9 नोव्हेंबरपर्यंत पांच स्त्रियांचे खून झाले. मारणारा सांपडला नाहीं, आणि तो कोण याचा निकाल आजतागायत लागलेला नाहीं. सप्टेंबरच्या अखेरीस एका वृत्तसंस्थेकडे लाल शाईनें लिहिलेलें पत्र आलें; त्याखालीं 'जॅक द रिपर' अशी सही होती. तें पत्र खुन्याचें नसून कोणा वार्ताहराचाच तो उद्योग असावा असें पोलिसांतल्या कांहीं वरिष्ठ अंमलदारांचेंहि मत होतें. म्हणजे ज्या नांवानें सारें जग त्या मनुष्यास ओळखतें, तें बहुधा अंकाचा खप वाढविण्यासाठीं ठेवलेलें नांव आहे. या व्यवसायाचा पाया असा वर्तमानपत्राच्या कचेरींत घातला गेला.

त्यानंतर पंचवीस वर्षांनीं, 1913 सालीं, मेरी बेलॉक लाउंड्स या बाईंची 'द लॉजर' ही कादंबरी निघाली. मूळ लघुकथा 1911 ची. एका मेजवानींत त्यांच्या कानांवर एक गोष्ट आली होती: कोणाकडचा बटलर आणि स्वयंपाकीणबाई लग्न करून भाडेकरू ठेवूं लागलीं, आणि आपल्या छपराखालीं जॅक द रिपर राहून गेला अशी त्यांची खात्री होती. बाईंना एवढें बीज पुरलें. आमच्या मतें या सबंध जातींत यापेक्षां चांगली कादंबरी झालेली नाहीं. आणि गंमत अशी कीं तींत खून डोळ्यांसमोर एकहि होत नाहीं.

मेरिलबोन रोडवर बंटिंग नांवाचें जोडपें राहतें. दोघांचेंहि आयुष्य मोठ्या घरांत चाकरी करण्यांत गेलेलें, आतां घर घेऊन भाडेकरू ठेवण्याचा धंदा. पण भाडेकरू येत नाहींत. एकेक वस्तु गहाण पडली आहे. बंटिंगनें तंबाखू सोडली आहे. बाहेर पोरें खुनाची बातमी ओरडत जातात, आणि उपाशी पोटीं हा गृहस्थ शेवटच्या कांहीं पेनींतून एक पेनी त्या वर्तमानपत्रावर खर्च करतो. हा प्रसंग वाचतांना आम्हांस आमची खालची फळी आठवली, हें सांगितलेंच पाहिजे. इतक्यांत दारावर थाप पडते. एक सभ्य, कृश, विचित्र गृहस्थ हातांत चामड्याची पिशवी घेऊन उभा आहे. त्याला खोल्या हव्या आहेत. तो आगाऊ भाडें सोन्याच्या नाण्यांनीं मोजून देतो. नंतर भिंतीवरच्या स्त्रियांच्या तसबिरी तो उलट्या करून ठेवतो. दिवसा बायबल वाचतो. रात्रीं, घर निजल्यावर, जिन्यावर त्याचीं पावलें वाजतात. आणि त्या रात्रींनंतरच्या सकाळीं पोरें पुन्हा ओरडत येतात.

बंटिंगबाईला कळतें. कधीं कळतें तें नेमकें सांगतां येत नाहीं, कारण ती तें स्वतःलाहि सांगत नाहीं. ती त्याच्या खोलींत चहा नेते, त्याचें अंथरूण घालते, त्याच्याविषयीं तिला एक प्रकारची मायाहि वाटूं लागते. ती नवऱ्याला सांगत नाहीं. पुढें नवऱ्यालाहि संशय येतो. तो बायकोला सांगत नाहीं. एकाच टेबलाशीं बसून दोघें त्याच्या पैशाची भाकरी खातात आणि हवेविषयीं बोलतात. घरीं येणारा पोलिसखात्यांतला तरुण मित्र तपासाची हकीकत रंगवून सांगतो, आणि बाई 'हो का' म्हणून त्याला आणखी चहा ओतते. पोलिसांत जावें तर उद्यांपासून पुन्हा उपास. न जावें तर? तर आणखी कोणी तरी अनोळखी बाई, लंडनच्या दुसऱ्या टोकाला. वाल्याच्या बायकोनें 'मी वांटेकरी नाहीं' असें सांगून गोष्ट मोकळी केली; ह्या बाईनें तें न सांगतां तीनशें पानें काढलीं. भय भाडेकरूचें नाहीं. भय त्या घरांतल्या गप्प बसण्याचें आहे, आणि तसें गप्प बसण्याचे प्रसंग, देवाच्या दयेनें लहान प्रमाणावर, कोणत्याहि चांगल्या कुटुंबाला अनोळखी नसतात.

हिचकॉकनें 1927 सालीं या कादंबरीवर चित्रपट काढला, तेव्हां नायकाचें काम करणारा नट लोकांचा फार लाडका असल्यामुळें भाडेकरूला निरपराध ठरविणें भाग पडलें. चित्रपट नांवाजलेला आहे. पण बंटिंगबाईचें दुःख त्यांत निकामी होऊन जातें, म्हणून तो आम्हांस कधींच पुरता रुचला नाहीं.

आतां या पुस्तकांचें आकर्षण कशांत आहे याविषयीं विद्वानांनीं पुष्कळ सांगितलें आहे. मनांतलें विष सुरक्षितपणें बाहेर पडतें, ही एक उपपत्ति. दुसऱ्याच्या मरणानें स्वतःचें जिणें गोड लागतें, ही दुसरी. आम्हांस यांपैकीं कोणतीच पुरेशी वाटत नाहीं. आमच्या साहित्यशास्त्रांतली एक गोष्ट येथें अधिक उपयोगी पडते. भयानक रसाची चर्चा करतांना अभिनवगुप्तानें शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतलें, दुष्यंताच्या रथापुढें धांवणाऱ्या हरिणाचें वर्णन उदाहरणादाखल घेतलें आहे. धनुष्य ओढलेला राजा तेथें आहे, बाण आहे, सारथि आहे. परंतु भयाचें घर तें हरिण. प्रेक्षकाचें मन त्या हरिणांत शिरतें, आणि मग तें हरिण अमुक एक राहत नाहीं, निवळ भीति तेवढी उरते. कवीनें मन राजाच्या बाणाच्या टोकावर बसविलें असतें तर तो भयानक राहिला नसता. तो वीर झाला असता, किंवा बीभत्स.

ही कसोटी लावून पाहिली म्हणजे आमची खालची फळी आपोआप दोन भागांत विभागली जाते. अमेरिकेंतला टॉमस हॅरिस हा मूळचा वार्ताहर. त्याची 'रेड ड्रॅगन' 1981 ची आणि 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' 1988 ची. दुसऱ्या कादंबरीवरचा 1991 चा चित्रपट जगभर गाजला, आणि मनुष्यांस खाणारा डॉक्टर हॅनिबल लेक्टर घरोघर पोंचला. तरी ती कादंबरी आम्ही हरिणाच्या बाजूची मानतों. तींत तपास करणारी मुलगी अजून शिकाऊ आहे, आणि प्रत्येक दालनांत पुरुष तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहतात. शिवाय तींत एक जागा अशी आहे कीं तेवढ्यासाठीं बाकीचें रक्त आम्ही क्षमा करतों. खुन्यानें एका तरुणीला विहिरीसारख्या खड्ड्यांत कोंडलेलें आहे. तिची आई सेनेटर आहे. ती दूरचित्रवाणीवरून त्या अज्ञात मनुष्याला विनविते, आणि विनवितांना मुलीचें नांव पुन्हा पुन्हा घेते. कॅथरीन, कॅथरीन. नांव कानांत बसलें तर वस्तूचें माणूस होईल आणि माणसाला मारणें त्याला कठीण जाईल, एवढीच तिची युक्ति. पुढें 1999 सालीं त्याच लेखकानें 'हॅनिबल' लिहिली. तींत डॉक्टरसाहेब फ्लॉरेन्समध्यें राहतात, उत्तम चित्रें पाहतात, उत्तम मद्य पितात, आणि मरतात ते बहुधा असभ्य लोक. येथें मन बाणावर बसलें. आम्हीं ती पुरी वाचली, पण फळीवर ठेवली नाहीं.

आमच्या वहिनी ह्या विषयांतल्या खऱ्या अधिकारी. त्यांचें वाचन आमच्या दुप्पट, आणि वाचण्याची वेळहि ठरलेली: रात्रीं भांडीं घांसून झाल्यावर, विरजण लावून. आम्हीं एकदां त्यांना विचारलें, "वहिनी, हें वाचून तुम्हांला झोंप येते तरी कशी?"

त्या म्हणाल्या, "भावोजी, पुस्तकांतला सांपडतो हो. म्हणून येते."

2010 सालीं अमेरिकेंतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनीं या प्रकारच्या खऱ्या हकीकतींच्या पुस्तकांविषयीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें कीं अशीं पुस्तकें निवडण्याकडे पुरुषांपेक्षां स्त्रियांचा कल अधिक असतो, आणि बळी पडलेली स्त्री कशी निसटली याची कांहीं युक्ति पुस्तकांत असेल तर विशेषच. वहिनींना आम्हीं हें सांगितलें, तेव्हां त्यांना नवल वाटलें नाहीं. "मग? उगाच कोण वाचेल?" असें म्हणून त्यांनीं पान उलटलें.

त्यांचें माहेर पुण्याचें. 1976 सालीं त्या शाळेंत होत्या. ज्यांना तें वर्ष आठवतें त्यांना अधिक सांगायला नको. जानेवारी 1976 पासून मार्च 1977 पर्यंत पुण्यांत दहा खून झाले. करणारे कलाशिक्षण घेणारे कॉलेजचे विद्यार्थी. 31 ऑक्टोबरला जोशी कुटुंबांतले तिघे गेले, 1 डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यांत अभ्यंकरांच्या घरचे पांच. त्यांत महामहोपाध्याय काशीनाथशास्त्री अभ्यंकर होते. ज्यांचा संस्कृत व्याकरणाचा कोश आजहि अभ्यासकांच्या टेबलावर असतो, तेच हे शास्त्रीबुवा. वहिनी सांगतात कीं दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडत. दारावरची घंटा वाजली कीं घरांतलीं सर्व माणसें एकमेकांकडे पाहत. त्यांच्या वडिलांनीं आंतून लोखंडी आडणा बसविला, आणि ओळखीच्या मनुष्यालाहि बाहेर उभें राहून आपलें नांव तीनदां सांगावें लागे. गुन्हेगार पकडले गेले, चौघांना 27 नोव्हेंबर 1983 रोजीं येरवड्यास फांशी झाली. आडणा मात्र वडील होते तोंवर कायम राहिला. त्या हकीकतीवर पुढें चित्रपट निघाला, एका आरोपीनें तुरुंगांत लिहिलेलें आत्मकथनहि प्रसिद्ध झालें. वहिनींनीं त्यांतलें कांहींहि पाहिलें नाहीं कीं वाचलें नाहीं. लंडन चालतें, अमेरिका चालते, स्वीडन तर फारच चालतें, पुणें नाहीं. लंडनचा खून शेवटच्या पानावर संपतो, आणि त्या घंटेचा आवाज अजून कानांत आहे, एवढाच त्यांचा खुलासा.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बोलण्यामुळेंच आमच्या ध्यानांत आली. त्या खटल्याला लोक आजहि जोशी-अभ्यंकर खटला म्हणतात. म्हणजे मेलेल्यांच्या नांवानें. ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. इतरत्र नांव उरतें तें मारणाराचें. मुंबईच्या रमण राघवचें उदाहरण घ्या. उत्तरेकडच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत निजलेल्या माणसांना त्यानें अंधारांत मारलें. 1968 सालीं तो पकडला गेला. वेडामुळें फांशी रद्द होऊन तो 1995 पर्यंत जगला. कबुलीजबाब देण्यापूर्वीं त्यानें कोंबडीचें जेवण मागितलें, हें मुंबईंत लहान पोरांना ठाऊक असे. त्यानें मारलेल्या एकाहि माणसाचें नांव आम्हीं कोणाच्या तोंडून ऐकलेलें नाहीं. फुटपाथवर निजणारांच्या नांवानें खटले ओळखले जात नाहींत. आणि जोशी-अभ्यंकर म्हणतांनाहि सर्वच येतात असें नव्हे: अभ्यंकरांकडच्या त्या पांचांत घरीं कामाला असलेली एक बाईहि होती. तिचें नांव खटल्याच्या नांवांत नाहीं. वहिनींना तें पाठ आहे.

व्हाइटचॅपेलच्या त्या पांच स्त्रियांच्या बाबतींत हें काम व्हायला एकशें एकतीस वर्षें लागलीं. हॅली रुबेनहोल्ड या बाईंनीं 2019 सालीं 'द फाइव्ह' हें पुस्तक लिहिलें. खुन्याविषयीं त्यांत जवळजवळ कांहीं नाहीं. आहेत त्या फक्त त्या पांच जणी, जन्मापासून. एकीचा बाप लोहार; एकीचा नवरा बड्या घरचा गाडीवान; एक स्वीडनहून आलेली, नवऱ्यासह कॉफीचें दुकान चालविलेली. पांचांपैकीं तिघी वेश्या होत्या याला पुरावाच नाहीं, असें बाईंचें प्रतिपादन आहे. त्या गरीब होत्या, दारूनें गांजलेल्या होत्या, आणि निजायला छप्पर नव्हतें एवढें मात्र खरें. यावर पुष्कळ वाद झाला, रिपरचे पिढीजात अभ्यासक रागावलेहि. आम्हीं तें पुस्तक कादंबरीसारखें एका रात्रींत वाचलें. मरण प्रत्येक वेळीं ठाऊक असतें, आणि तरी बाई घर सोडून निघाली कीं मनांत येतें, आज नको, आजची रात्र कोठें तरी टेक.

तें वाचल्यापासून वहिनींनीं एक पद्धत पाडली आहे. वाचनालयाच्या पुस्तकांत खूण म्हणून त्या वाण्याच्या बिलाचा कागद ठेवतात, आणि त्याच्या पाठीवर, जसजशीं माणसें मरतील तसतशीं त्यांचीं नांवें लिहीत जातात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणें हें केवळ घोंटाळा होऊं नये म्हणून. तिसरी कोण आणि चौथी कोण हें इंग्रजी नांवांत लक्षांत राहत नाहीं. गेल्या आठवड्यांत असाच एक कागद आमच्या हातीं आला. पुस्तक नव्यापैकीं, वेष्टणावर काळ्या रंगांत लाल अक्षरें, पांचशें पानें. कागदावर पहिलीं चार नांवें नीट लिहिलेलीं होतीं. पांचव्यापुढें नुसतें 'हॉटेलांतली मुलगी' असें होतें, सहाव्यापुढें 'पुलाखालची', आणि सातव्यापुढें एक आडवी रेघ.

"लेखकानें नांवच दिलें नाहीं," वहिनी म्हणाल्या. "दोनदां मागें जाऊन पाहिलें."

पुस्तकाचीं शंभरेक पानें उरलीं होतीं. तीं त्यांनीं वाचलीं नाहींत. गुरुवारीं पुस्तक परत गेलें.